मदत हवी आहे: रोटरी इंजिनला नेमकं कोणत्या ग्रेडचं ऑइल?

मंडळी, जुनी माझदा आरएक्स-८ घेतली आहे, आत १३०८ सीसीचं १३बी रेनेसिस, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं रोटरी इंजिन. ऑइल बदलायची वेळ आली आणि ग्रेडवर घोडं अडलं.

अमेरिकेतलं मॅन्युअल ५डब्ल्यू-२० सांगतं, युरोपातलं ५डब्ल्यू-३०. इंजिन तेच! एक मित्र म्हणतो, त्याहून जाड १०डब्ल्यू-४० शिवाय काही घालूच नकोस. एक्सेंट्रिक शाफ्टच्या (रोटर ज्यावर बसतात तो मुख्य दांडा) बेअरिंगला जाड थर हवा, शिवाय न जळलेलं पेट्रोल मिसळून ऑइल पातळ होतंच. पटतं. परवा डिपस्टिक ओढली तर पेट्रोलचा चक्क भपकारा आला, आणि थेंब बोटावरून पाण्यासारखा ओघळला.

पण या इंजिनात मीटरिंग पंप संपमधलं (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतलं) थोडं ऑइल मुद्दाम आत सोडतो, रोटरच्या टोकांवरचे एपेक्स सील कोरडे पडू नयेत म्हणून. ते जळणारच. मग जाड ऑइलनं काजळी वाढते का? आणि सिंथेटिक चालतं का?

गाडी थंड असताना झटकन सुरू होते, तापल्यावर मात्र स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो. हे कॉम्प्रेशनचं (आत पुरेसा दाब न बनण्याचं) दुखणं असू शकतं, जाड ऑइल त्यावर औषध नाही, एवढं कळतं. टेस्ट करणारच आहे, तीही रोटरीच्या टेस्टरवर. साधा गेज रोटरच्या तीन बाजूंपैकी सगळ्यात मोठाच आकडा दाखवतो.

उन्हाळ्यात रोज गाडी चालवणारे काय घालता? किती किलोमीटरला बदलता? पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळणारं कुणी आहे का?

रोटरी वापरलेल्यांनीच सांगा, पिस्टनवाल्यांचे अंदाज ऐकून झालेत.