हादुकेन निघालं, पुढं काय? : कोल्हापूरकरांचे स्ट्रीट फायटरचे अनुभव

पेठेतला_केन

स्ट्रीट फायटर टू शिकलेल्या सगळ्यांसाठी हा धागा. १९९१ चं कॅपकॉमचं मारामारीच्या व्हिडिओ गेमचं मशीन, निवडायला आठ गडी, एक दांडी (जॉयस्टिक), सहा बटणं. वरच्या ओळीत बुक्क्या, खालच्या ओळीत लाथा. हलकी, मधली, जोराची. चाली सांगणारा कागद आमच्या मशीनवरून कधीच फाटून गेलेला. ज्याला यायचं तो सांगायचा नाही. राजारामपुरीतल्या पार्लरमध्ये एकजण डाव्या हातावर रुमाल टाकून खेळायचा, दांडी कशी फिरते ते कुणाला दिसू नये म्हणून!

आता सगळ्या जगाला माहीत आहे: खाली, तिरकी, पुढं आणि बुक्की, की हातातनं गोळा सुटतो, तोच हादुकेन. पण गोळा निघाला म्हणजे गेम आला असं नाही, हे माझं स्पष्ट मत. तेव्हा 'आम्ही लई हाणायचो' एवढंच नको, नक्की काय कळल्यावर खेळ सुधारला ते लिहा. मुस्तफावाल्यांनी (म्हणजे 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' खेळणाऱ्यांनी) वेगळा धागा काढावा. तो फायटिंग गेम नाही, वाद घालू नये.

शाहूपुरीकर

आठांतला माझा गडी गाईल. त्याला दांडी फिरवायची नसते, मागं धरून ठेवायची असते. सेकंदभर मागं, मग झटकन पुढं आणि बुक्की, की सॉनिक बूम. खाली दाबून धरून वर आणि लाथ मारली की उलटी कोलांटी. म्हणून गाईलवाला कायम खाली-मागच्या कोपऱ्यात दांडी दाबून बसलेला. त्यातनं अडवणंही होतं आणि दोन्ही चालींची तयारीही. लोक 'भित्रा' म्हणायचे, म्हणू देत. बूम सोडायची, समोरचा वैतागून उडी मारणार, की खालून कोलांटी. समोरच्याला उडी मारायला लावायची हे कळलं तिथं माझा खेळ बदलला.

तालमीतला

काय लगा, झांगिफ पैलवान कुणीच घेत न्हाई? दांडी पुरी गोल फिरवायची आन् बुक्की, म्हंजे गडी कवळ्यात घिऊन वर जातोय आन् डोक्यावर आपटतोय. पर गोल फिरवताना दांडी वर गेली की ह्यो उडीच मारतोय. मग करायचं काय? आधीच उडी मारायची, हवेत असतानाच गोल पुरा करायचा, पाय टेकताना बुक्की. न्हाईतर हलकी लाथ घालायची, पाय माघारी येईस्तवर गोल पुरा.

खासबागेत कुस्ती बघितलेल्याला पुढचं सांगायला नको. खडाखडीत गडी नुसतं जोखत असत्यात, बघणाऱ्याला वाटतंय काय चाललंच न्हाई. झांगिफला गोळा न्हाई, लांबनं काय करता येत न्हाई. गोळेवाल्या रयूच्या लाथंच्या टप्प्याभाईर हुबं ऱ्हायचं, ती लाथ हुकली की आत शिरायचं. त्या चार बोटं अंतरासाठी लई मार खाल्ला भावा. पर एकदा धरला की समोरचा खुर्चीतनं उठतोयच.

चुनली_कळंब्याची

आमच्या वेळी मुलींनी पार्लरमध्ये जायची सोय नव्हती. घरी टीव्हीला जोडायचा गेम होता, त्यात कुठल्यातरी नकली कॅसेटवर हाच खेळ. बटणं दोनच, त्यामुळे हलकी-जोराची भानगड नाही. खरा गेम लग्नानंतर कॉम्प्युटरवर मिळाला.

पहिल्या आठांत बाई एकटी चुन-ली, म्हणून तीच घेतली. लाथेचं बटण बडवलं की पाय भराभर चालतात, त्यावर काही दिवस भाऊ हरत राहिला. मग तो खाली बसून सगळं अडवायला शिकला आणि माझं संपलं. उत्तर सोपं होतं: अडवणाऱ्याला फेकता येतं. अगदी जवळ जायचं, दांडी पुढं किंवा मागं आणि मधली बुक्की. 'ताई, ही चीटिंग आहे!' म्हणून तो उठून गेला. आजही वहिनीसमोर तेच म्हणतो.

पेठेतला_केन

ताई, आमच्याकडे फेकाफेकीवरनं गचांड्या धरलेल्या आहेत. पण चीटिंग नव्हेच. फेकणं नसतं तर सगळे कोपऱ्यात अडवत बसले असते.

रंकाळा_वारा

भारताचा म्हणून धालसिम घेतला. गळ्यात कवट्या, हातपाय रबरासारखे लांब. पडद्यावर त्याच्या मागचे हत्ती बघत हरलो. पुन्हा आपला गोळेवाला केन.

मशीनवाला

सीबीएस स्टँडजवळ आमची दोन मशीन होती, दुसरी बाजू सांगतो. दांडीच्या खाली चार छोटे स्विच असतात. तिरकी म्हणजे दोन स्विच एकदम दाबलेले. त्यातला एक झिजला की त्या बाजूनं गोळा निघणार नाही, पोरगं मात्र स्वतःला शिव्या घालणार. जाणकार पोरं आधी दांडी चारी बाजूंनी फिरवून टकटक ऐकायची, मगच नाणं टाकायची.

एका मशीनमध्ये 'रेनबो' होती, १९९२ च्या चॅम्पियन एडिशनची कुणीतरी फोडून केलेली नक्कल. हवेतनं गोळे, एकदम चार-चार, स्टार्ट दाबलं की चालू खेळात गडीच बदलायचा. गल्ला भरला, पण त्यावर शिकलेलं पोरगं दुसरीकडं गेलं की सपाटून मार खायचं.

फ्रेम_मोजणारा

मी नंतरच्या पिढीतला, फाइटकेडवर (जुने आर्केड गेम इंटरनेटवरून एकमेकांशी खेळायचा प्रोग्रॅम) शिकलो. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, आणि हलकी बुक्की त्यातल्या थोड्याच फ्रेममध्ये लागते, त्यामुळे जवळून आलेली हलकी बुक्की बघून अडवता येत नाही, आधीच ओळखावी लागते. पहिली उपयोगी जोडी: खाली बसून मधली लाथ, ती लागताक्षणी गोळा. ही जोडणी मुळात ठरवून ठेवलेली नव्हती. बनवणाऱ्यांपैकी फुनामिझू यांना गाडी फोडायच्या बोनस फेरीत फटके जुळताना दिसले आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं.

नवीन_भिडू

कीबोर्डवर शोर्युकेन (वर उसळून मारायची बुक्की) करायला गेलो की हादुकेनच निघतंय. काय करू?

पेठेतला_केन

पुढं, सोड, खाली, मग खाली धरूनच पुढं. बुक्की तिथंच, तिरक्यावर. तू शेवटी खालीचं बोट उचलून पुन्हा पुढं जात असणार, म्हणून गोळा निघतोय. आणि समोरचा उडी मारून डोक्यावर आला असेल तेव्हाच मार, हुकलं तर खाली येईस्तवर उघडा पडतोस.