मदत हवी आहे : माणसं मोजताना ‘लेस’ की ‘फ्युअर’?

नमस्कार मंडळी. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या लिफ्टसाठी इंग्रजीत सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि मी एकाच ओळीवर अडकले आहे. बऱ्याच बिऱ्हाडांना मराठी येत नाही, म्हणून इंग्रजी हवीच.

मी लिहिलं होतं, ‘लेस पीपल शुड यूज द लिफ्ट’. मुलगी नववीत आहे. ती म्हणाली, आई, माणसं मोजता येतात, मग ‘फ्युअर पीपल’ हवं. ‘लेस’ पाण्याला, वेळेला. तिचं पटलं. पण आपल्या मराठीत कमी पाणी आणि कमी लोक, दोन्हीकडे ‘कमी’च, त्यामुळे हात आपोआप ‘लेस’कडेच जातो. ‘अमाउंट ऑफ पीपल’ही असंच लिहिलं होतं, ते खोडून ‘नंबर’ केलं.

आता खरा प्रश्न. लिफ्टमधल्या पाटीवर ‘6 पर्सन्स, 408 किलो’ असं कोरलंय, म्हणजे माणशी 68 किलो. मग मी ‘नॉट मोअर दॅन 6 पीपल’ लिहू की ‘6 पर्सन्स’? ‘पर्सन्स’ फक्त पाट्यांवर आणि कायद्याच्या कागदांतच शोभतं का? आपल्याकडे ‘सहा जण’ म्हटलं की विषय संपतो.

आणखी एक : ‘अ नंबर ऑफ पीपल’पुढे ‘आर’ आणि ‘द नंबर ऑफ पीपल’पुढे ‘इज’, हे बरोबर ना? शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल. रविवारी सूचना लावायची आहे, आणि ती चुकीची लागू नये असं मनापासून वाटतं.