मदत हवी आहे: पहिल्या क्लायंटचं पहिलं सेशन, त्या एका तासात नक्की काय करू?

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय. पर्सनल ट्रेनरचा कोर्स झाला, सर्टिफिकेट हातात आलं आणि शनिवारी पहिलं वैयक्तिक सेशन आहे. ग्रुप क्लासमध्ये मदतनीस म्हणून उभा राहिलोय पण एकच माणूस समोर आणि अख्खा तास माझ्या डोक्यावर हे पहिल्यांदाच.

क्लायंट ४८ वर्षांचे गृहस्थ, दिवसभर बसून काम, बीपीची गोळी चालू आहे म्हणाले, जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो, शाळा सुटल्यापासून व्यायाम नाही आणि फोनवर पहिलंच वाक्य म्हणजे "चार महिन्यांत हे पोट गेलं पाहिजे".

गोंधळ असा की जिममधले सीनियर म्हणतात पहिल्याच दिवशी घाम काढ, दुसऱ्या दिवशी अंग दुखलं की लोकांना वाटतं पैसे वसूल, मग पॅकेज घेतात. कोर्समध्ये शिकवलं की आधी फॉर्म मग मोजमापं मग पोश्चर मग मूव्हमेंट टेस्ट, हे सगळं करत बसलो तर तास तिथेच संपेल आणि ते विचारतील की व्यायाम कुठाय? त्यात मी त्यांच्या मुलाच्या वयाचा. अनुभवी लोकांनी सांगा ना, कसं बसवता हे गणित?

प्रतिसाद १
सीनियरचं हे एक ऐकू नकोस. अंग दुखलं म्हणजे व्यायाम चांगला झाला असं काही नसतं, सवय नसलेली हालचाल केली की दुखतंच, आणि ते दुखणं २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं. म्हणजे शनिवारी पिळून काढलंस तर सोमवारी खुर्चीतून उठताना ते तुझी आठवण काढतील आणि ती काही चांगल्या शब्दांत नसेल. इतक्या वर्षांनी हलणाऱ्या माणसाला अतीच झालं तर क्वचित ऱ्हॅब्डोपर्यंत जातं, स्नायू तुटून त्यातला माल रक्तात उतरतो, लघवी कोलासारखी काळपट होते, किडनीवर येतं. शंभर स्क्वॉट्सचा हट्ट कशाला.

प्रतिसाद २
फॉर्म तिथे भरून घेऊच नकोस, आजच पाठव. पार-क्यू प्लस, म्हणजे व्यायामाआधी तब्येत विचारणारा फॉर्म, त्याच्या पहिल्या पानावर सातच प्रश्न आहेत, छातीत दुखतं का, चक्कर येते का, औषधं कुठली, सांध्यांचं काही, असे. तुझ्या माणसाचं बीपी आणि गुडघा इथेच दोन "हो" येणार, तेव्हा पुढची पानंही भरून घे आणि डॉक्टरांना विचारून यायला सांग, त्यात कमीपणा नाही.

आणि गोळीचं नाव विचार, नुसतं "बीपीची गोळी" चालणार नाही. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल असलं बीटा ब्लॉकर असेल तर व्यायामात नाडी वाढतच नाही पाहिजे तेवढी, तू घड्याळात आकडा बघून म्हणशील अजून दम आहे आणि माणूस केव्हाच संपलेला असेल. तसंही जास्तीत जास्त नाडी म्हणजे २२० वजा वय हा ढोबळ हिशोब आहे, दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात. त्यापेक्षा विचार की ० ते १० मध्ये किती जड वाटतंय, आणि बोलता येतंय का बघ. पूर्ण वाक्य बोलतायत तर ठीक, दोन शब्दांवर धाप लागली तर पहिल्या दिवसाला जास्त झालं.

व्यायाम कुठाय म्हणतोस, अरे टेस्टलाच व्यायाम कर की. खुर्चीवरून उठबस करायला लाव, तोच स्क्वॉट आणि तीच गुडघ्याची तपासणी, गुडघे आत जातात का, एका पायावर भार टाकतात का सगळं दिसतं. भिंतीला हात टेकून पुशअप, केबलने रोइंग, कंबरेतून वाकणं, हातात वजन घेऊन चालणं. आधी पाच-दहा मिनिटं वॉर्मअप, मग प्रत्येकाचे एकदोन सेट, अजून चारेक रेप्स निघतील तिथेच थांबवायचं. श्वास कोंडून वजन उचलू देऊ नको, बीपी झटकन चढतं. आणि शेवटी एकदम थांबवून बसवायचं नाही, हळूहळू चालत थंड होऊ दे, नाहीतर चक्कर. जास्तीत जास्त वजन किती उचलतात ते बघायचा मोह पहिल्या दिवशी अजिबात नको.

प्रतिसाद ३
मी ट्रेनर नाही, क्लायंट आहे, त्या बाजूने लिहिते. पहिल्या दिवशी चार लोकांसमोर शर्ट वर करून चिमट्याने चरबी मोजली होती माझी, परत गेले नाही तिथे. मोजायचंच असेल तर आडोशाला आणि आधी विचारून. हात लावून पोझिशन दुरुस्त करणार असशील तरी विचारायचं. आणि कृपा करून त्यांना "काका" म्हणू नकोस, काय हाक मारू ते त्यांनाच विचार :)

धागाकर्ता
मनापासून धन्यवाद सगळ्यांना. काका म्हणणारच होतो, वाचलो! गोळीचं नाव आणि फॉर्म आजच मागवतो. पण ते पोटाचं काय सांगू? आणि घाम नाही निघाला म्हणून नाराज झाले तर?

प्रतिसाद २
पोटाला हो पण म्हणू नको, नाही पण म्हणू नको. फक्त पोटाचीच चरबी ठरवून उतरवता येत नाही हे कधीतरी सांगावंच लागेल पण पहिल्या पाच मिनिटांत नको. आधी विचार की आत्ताच का, काय झालं? लोक पोट म्हणतात आणि खरं कारण वडिलांचा हार्ट अटॅक असतं किंवा जिना चढताना लागलेली धाप. ते बोलत असताना मध्ये तोंड घालू नकोस, नव्या ट्रेनरला शांत बसणंच जमत नाही, शरीरशास्त्राचं लेक्चर सुरू होतं. घामाचं सुरुवातीलाच सांगून टाक, "आज मी तुम्हाला बघणार आहे, थोडं करून घेणार आहे, उद्या नीट चालता आलं पाहिजे". आधी सांगितलं की नियोजन वाटतं, नंतर सांगितलं की सबब. उठताना पुढची वेळ ठरवून घे आणि दोन दिवसांनी मेसेज टाकून गुडघा कसा आहे ते विचार. तुझ्या वयाची चिंता या मेसेजने मिटेल.

धागाकर्ता
शेवटची शंका, बीपी तिथेच मोजायचं तर मनगटावरचं मशीन चालेल का? आमच्याकडे तेच आहे.

प्रतिसाद १
दंडावरचं आण कुठून तरी. पाच मिनिटं गप्प बसव, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, मोजताना गप्पा नाहीत. जिने चढून आल्या आल्या मोजलंस तर आकडा वरच येणार. आरामातही वरचं २०० किंवा खालचं ११० च्या पुढे दिसलं तर त्या दिवशी व्यायाम बंद, सरळ डॉक्टरकडे. त्याच्या खाली पण नेहमीपेक्षा बरंच वर असेल तर नुसत्या गप्पा आणि फॉर्म, सेशन पुढच्या आठवड्यात.