वापरकर्त्यांशी बोलताना विद्यार्थी होकारच मिळवतात, काय करावे?

प्रश्न : इंटरॅक्शन डिझाइन (म्हणजे माणूस अॅप किंवा संकेतस्थळ कसे वापरेल याची आखणी) शिकवताना दिसते की विद्यार्थी वापरकर्त्याला ‘हे बटण सोपे वाटते ना?’ असे विचारतात आणि मिळालेल्या होकारालाच संशोधन समजतात. ही सवय कशी मोडावी?

उत्तर : मत विचारण्याऐवजी काम द्यायला लावा. ‘पासवर्ड बदलून दाखवा’ एवढेच सांगून विद्यार्थ्याने गप्प बसावे आणि समोरच्याचे बोट पडद्यावर कुठे घुटमळते ते टिपावे. मदत करण्याचा मोह आवरणे फार अवघड असते, म्हणून त्याचा सराव आधी वर्गातच करून घ्यावा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. चाचणी किती जणांवर घ्यावी?

दुसरे उत्तर : वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नीलसन यांनी २००० साली पाच जण पुरेसे असल्याचे मांडले, मात्र त्यांचा आग्रह दोष सुधारून पुन्हा चाचणी घेण्याचा होता, आणि नेमका तोच भाग वर्गात गाळला जातो.