पुण्याचा संगणक वर्ग: लॅपटॉप नंतर, आधी फाइल

प्रेषक: शिक्षण समिती, न्यू जर्सी
विषय: पुण्यातला प्रौढांचा संगणक वर्ग – मदत कशी करायची?

सप्रेम नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या यंदाच्या निधीतून पुण्याच्या वर्गाला हातभार लावायचं बैठकीत ठरलंच होतं. काही सभासद घरातले जुने लॅपटॉप द्यायला तयार आहेत. सोबत १२ आठवड्यांचा कच्चा आराखडा जोडला आहे: आधी वर्ड, मग एक्सेल, मग पॉवरपॉइंट आणि शेवटी, वेळ उरला तर, वेब डिझाइन. शिवाय दर शनिवारी इथून कोणीतरी झूमवर शिकवेल.

काका, कर्वेनगरला वर्ग तुम्ही प्रत्यक्ष चालवता, तेव्हा आराखडा पाहून मोकळेपणाने सांगा. सर्टिफिकेट द्यायचं का, तेही कळवा.

---

प्रेषक: काका, पुणे
विषय: उत्तर: पुण्यातला प्रौढांचा संगणक वर्ग

मंडळी,

मोकळेपणाने सांगा म्हणतेस, तर सांगतो. आराखडा मेहनतीने केला आहे, पण मी त्याचा क्रम उलटा करीन. "वेळ उरला तर" म्हणून जे शेवटी ढकललंय, ते पहिल्या आठवड्यात हवं.

आधी वर्गात कोण येतं ते ऐका. सोसायटीचे एक माजी सेक्रेटरी आहेत. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या दोघी जावा आहेत. पौरोहित्य करणाऱ्या एक बाई आहेत. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरी शोधणाऱ्या काही जणी आहेत. वेळ दुपारी २ ते ४. हो, पुण्यात. वामकुक्षीवर पाणी सोडायची तयारी असलेलेच येतात, त्यामुळे मंडळी चिकाटीची मिळतात.

यातल्या कोणालाही यूपीआयने पैसे देणं किंवा नातवाला व्हिडिओ कॉल लावणं शिकवावं लागत नाही. अडतं ते निराळ्याच ठिकाणी. "सेव्ह केलंय" म्हणतात, पण कुठे केलंय ते सांगता येत नाही. फोटो गॅलरीत दिसतो, पीडीएफ व्हॉट्सॅपमध्ये दिसते. ती वस्तू यंत्रात नेमकी कुठे राहते हे जाणून घ्यायची वेळ फोनने त्यांच्यावर कधी आणलीच नाही. अशा माणसाला थेट वर्डमध्ये बसवलं की तो अक्षर ठळक करायला पटकन शिकतो आणि दुसऱ्या दिवशी कालचं पत्र शोधत बसतो.

म्हणून पहिल्यांदा फाइल: तिचं नाव, तिचं एक्स्टेन्शन (नावातल्या शेवटच्या टिंबापुढचा तुकडा), तिचं फोल्डर. आणि फाइल शिकवायला वेबपानासारखं साधन मला तरी दुसरं सापडलेलं नाही. नोटपॅड उघडायचं, चार ओळींचं एचटीएमएल (वेबपान ज्या भाषेत लिहितात ती) हाताने टाइप करायचं, एका ओळीत चकलीच्या फोटोचं नाव लिहायचं. फोटो त्याच फोल्डरमध्ये असेल तर पानावर चकली दिसते. फोटो डेस्कटॉपवर राहिला असेल, किंवा नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं असेल, तर चकलीच्या जागी मोडक्या चित्राची खूण येते. चूक लगेच आणि डोळ्यांना दिसते. वर्ड असं काही दाखवत नाही, कारण चित्र तो फाइलच्या पोटातच घालून टाकतो.

एक अडचण इथे हमखास येते. विंडोज मुळात एक्स्टेन्शन लपवून ठेवतं. मग 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' म्हणून सेव्ह केलेलं पान प्रत्यक्षात 'इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी' झालेलं असतं आणि डबल क्लिक केलं की ब्राउझरऐवजी पुन्हा नोटपॅडच उघडतं. म्हणून फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन एक्स्टेन्शन दिसू द्यायची, हा आमचा पहिला धडा. सोसायटीच्या सेक्रेटरींना तो फार आवडला. बिलाच्या नावाखाली ईमेलमधून आलेली ईएक्सई फाइल, म्हणजे उघडताच चालू होणारा प्रोग्राम, आता ते दुरून ओळखतात आणि जिन्यात भेटेल त्याला सांगतात.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर, सरकारी नोकरीसाठी ज्यांना लागतं त्यांना मी सरळ एमएस-सीआयटी करायला सांगतो. तो अभ्यासक्रम चालवणारं महाराष्ट्र ज्ञान महामंडळ इथलंच, त्याची केंद्रं राज्यभर आहेत. आपण छापलेल्या कागदाचा त्यांना काही उपयोग नाही.

---

प्रेषक: एक सभासद, सॅन होजे
विषय: उत्तर: उत्तर: पुण्यातला प्रौढांचा संगणक वर्ग

> नोटपॅड उघडायचं, चार ओळींचं एचटीएमएल हाताने टाइप करायचं

काका, राग मानू नका, पण आजच्या काळात हे कशासाठी? एआयला एक वाक्य सांगितलं की अख्खं पान तयार मिळतं. नाहीतर वर्डप्रेस आहे, फुकटचे साइट बिल्डर आहेत. गूगल डॉक्समध्ये तर सेव्ह करण्याचीही भानगड नाही. फाइल आणि फोल्डर या गोष्टीच मागे पडताहेत. फराळाच्या व्यवसायाला इन्स्टाग्रामचं पान पुरेसं आहे.

---

प्रेषक: काका, पुणे

अरे, राग कसला. इन्स्टाग्राम त्या दोघी तुझ्या-माझ्यापेक्षा बरं चालवतात. ते शिकवायला मी कशाला हवा?

एआयकडून पान करून घ्यायला माझी ना नाही. वर्गात आम्ही तेही करतो, पण चौथ्या-पाचव्या आठवड्यात. तयार पानात भाजणीच्या चकलीचा जुना भाव आहे. तो बदलायचा तर दोनशे ओळींत ती एक ओळ कुठली, हे धाकट्या जाऊबाईंना कळायला नको? स्वतः चार ओळी लिहिलेल्या माणसाला ती सापडते. न लिहिलेला माणूस पुन्हा एआयला सांगतो, आणि भावाबरोबर फोन नंबर तर बदलला नाही ना, हे त्याला तपासता येत नाही. मला वेब डिझायनर घडवायचे नाहीत. पान वाचता आलं, बस.

बिल्डरबद्दल. जिओसिटीज या जुन्या फुकट सेवेवर पानं केलेले लोक या ईमेल-यादीत नक्की असतील. ते २००९मध्ये बंद झालं तेव्हा ज्याच्याकडे आपल्या पानांचं फोल्डर होतं त्याने ते दुसरीकडे नेलं. बाकीच्यांपैकी अनेकांची पानं गेली. तेव्हा फोल्डर आपल्या ताब्यात ठेवायचं, मग पान कुठेही चढवा. वर्डप्रेसही शिकवतो, पण डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर घेतलं, पासवर्ड कोणाकडे आहे आणि दर वर्षी नूतनीकरणाचे पैसे कोण भरणार, हे वहीत लिहून घेतल्याशिवाय नाही. भाच्याने हौसेने साइट करून दिली आणि भाचा जर्मनीला गेला, ही पुण्यातल्या निम्म्या छोट्या व्यवसायांची कथा आहे.

घरच्या लॅपटॉपवर उत्तम चाललेलं पान सर्व्हरवर, म्हणजे साइट जिथून सगळ्यांना दिसते त्या यंत्रावर, चढवलं की फोटो गायब होतात, हेही घडतं. कारण तुला माहीत आहे. फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर विंडोजला सारखंच. बहुतेक सर्व्हर लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर चालतात, त्यांना नाही. कॅमेऱ्याने कॅपिटलमध्ये दिलेलं 'जेपीजी' पानात स्मॉलमध्ये लिहिलं की संपलं. पौरोहित्य करणाऱ्या बाईंचा सोवळ्यातला फोटो असाच गेला होता. कारण त्यांनी स्वतः शोधून काढलं आणि उरलेला तास वर्गाला त्यांनीच समजावून सांगितलं. मी चहा प्यायलो.

---

प्रेषक: लंडन शाखा

नमस्कार.

माझी धाकटी बहीण आपल्या वर्गात येते, म्हणून लिहायचं धाडस करते. तिला आपण इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड शिकवायला घेतलंय असं कळलं. ती वैतागली आहे. फोनवर ती बोलून किंवा रोमन अक्षरांत टाइप करून छान मराठी लिहिते. या वयात नवा कीबोर्ड कशाला?

दुसरं म्हणजे, तिने ग्राहकांची यादी एक्सेलमध्ये करून मला पाठवली, तर पुण्याच्या सगळ्या लँडलाइन नंबरांच्या सुरुवातीचं शून्य गायब! आणि आपल्या मंडळाची जुनी स्मरणिका वर्डमध्ये उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती वाचवता येईल का?

---

प्रेषक: काका, पुणे

ताई, नमस्कार. बहिणीला म्हणावं, इनस्क्रिप्ट सक्तीचं नाही. दिवसाकाठी चार ओळी लिहायच्या असतील तर तिचं रोमनमधून टाइप करणं उत्तम, विंडोजमध्येही तशी सोय आहे. पण वर्गात तिने स्वतःच सांगितलं की आईच्या पाककृतींची वही टाइप करायची आहे. पानंच्या पानं लिहायची तर इनस्क्रिप्ट लवकर हातात बसतं: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. 'र' असतो त्याच कळीवर शिफ्ट दाबलं की नुक्त्याचा 'ऱ' येतो, त्यातून 'सुऱ्या' आणि 'कैऱ्या' नीट लिहिता येतात. 'ल'च्या कळीवर शिफ्ट दाबलं की 'ळ'. रोमनमधून लिहिताना नेमक्या याच दोन अक्षरांसाठी सुचवलेल्या शब्दांत शोधाशोध करावी लागते, आणि मराठी पाककृती 'ळ'शिवाय किती लांब जाणार?

शून्याचं असं आहे की एक्सेलला ०२० हा आकडा वाटतो, आणि आकड्याच्या आधीचं शून्य त्याच्या लेखी निरर्थक. रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्यायचा, मग नंबर भरायचे. ज्याची बेरीज कधी करणार नाही ते टेक्स्ट, एवढं वर्गात पाठ करून घेतो. याच्या उलट चूकही होते: वजनाच्या रकान्यात "५०० ग्रॅम" लिहितात आणि बेरीज शून्य येते. एकक वर शीर्षकात, खाली नुसते आकडे.

तारखांचा घोळ मात्र तुम्हा परदेशस्थांनी लक्ष देऊन वाचावा. अमेरिकन सेटिंगच्या लॅपटॉपवर आपल्या पद्धतीने ५/४ टाइप केलं की ५ एप्रिलचा ४ मे होतो आणि एक्सेल चकार शब्द काढत नाही. १३/५ वर्षासकट टाइप केलं तर तेरावा महिना नसल्याने ते टेक्स्ट म्हणून डावीकडे चिकटून राहतं. म्हणजे एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या, तर उजवीकडच्याही चुकीच्या असण्याची दाट शक्यता. फराळ कुरिअरने कधी पाठवायचा ते त्या रकान्यावर ठरतं, म्हणून यावर आम्ही एक अख्खी दुपार घालवली. अमेरिकेतून टेम्प्लेट पाठवणाऱ्यांनी कागद ए-फोर ठेवावा, हेही जाता जाता. लेटर आकार ए-फोरपेक्षा रुंद आणि आखूड असतो आणि झेरॉक्सवाल्याकडे समास बिघडतात.

स्मरणिका बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असेल. त्या फाइलीत खरं तर रोमन अक्षरांचेच कोड असतात, वरून देवनागरीचा साज. फॉन्ट नसला की आतलं उघडं पडतं. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कोड असलेल्या पद्धतीत, आणता येतो, पण जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांखालून घालावी लागते. पाठवून द्या, वर्गाला सरावाला चांगली आहे. वेबपानावर तर जुने फॉन्ट अजिबात नकोत. पान यूटीएफ-८ या युनिकोडच्याच प्रकारात सेव्ह करायचं आणि भाषा 'एमआर' अशी सांगायची. मराठी वळणाची सोय असलेल्या फॉन्टमध्ये मग 'ल' आणि 'श' आपल्या पद्धतीचे दिसतात. त्या एका शब्दाने सेक्रेटरी इतके खूश झाले की सोसायटीच्या "येथे गाड्या लावू नयेत" या पाटीचंही त्यांनी वेबपान केलं. ते कोण वाचणार, हा प्रश्न मी विचारला नाही.

आता लॅपटॉप. विंडोज १०ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि घरात पडून असलेल्या बहुतेक जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. अशी यंत्रं आली तर आम्ही विंडोजऐवजी लिनक्स आणि फुकटचं लिबरऑफिस टाकतो. त्यातले रायटर आणि कॅल्क, म्हणजे वर्ड आणि एक्सेलच्या जागचे, आमच्या कामाला पुरतात, इनस्क्रिप्टही चालतं. चार्जरची काळजी नको, तो साधारणपणे १०० ते २४० व्होल्टवर चालतो, फक्त पिन बदलावी लागते. पण खरं सांगायचं तर लॅपटॉपपेक्षा शनिवारी तासभर बसणारी माणसं मला जास्त हवी आहेत. शिकवायला नव्हे, नुसतं पाहायला. विद्यार्थी स्क्रीन शेअर करेल आणि बोलत बोलत काम करेल. माउस त्याच्या हातातून काढून घ्यायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. इतक्या लांबून ती आपोआप मोडते.

---

प्रेषक: शिक्षण समिती, न्यू जर्सी

काका, आराखडा तुमच्या क्रमाने बदलते. शनिवारी पुण्याचे संध्याकाळचे साडेसात ठरवू. म्हणजे सध्या न्यू जर्सीत सकाळचे १०, लंडनला दुपारचे ३, सॅन होजेला सकाळचे ७. पुण्याची वेळ बदलायची नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लंडन आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका तासभर मागे जाईल, तेव्हा आपण लवकर उठू. (सॅन होजे, ६ वाजता. एआय आहेच मदतीला.)

---

प्रेषक: खजिनदार

पैसे आणि लॅपटॉप, दोन्ही तूर्त थांबवा. आपलं मंडळ परदेशात नोंदलेलं, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या भारताच्या २०१०च्या एफसीआरए कायद्याच्या दृष्टीने परदेशी स्रोत. काकांच्या वर्गाची त्याखाली नोंदणी नाही, म्हणून मंडळातर्फे त्याला देणगी देता येत नाही, आणि यात रोख रकमेबरोबर वस्तूही येतात. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे ते स्वतःच्या कमाईतून वैयक्तिक मदत करू शकतात. अशा सभासदांनी मला वेगळं लिहावं. कृपया रिप्लाय ऑल करू नका, पासपोर्टचे फोटो तर यादीवर मुळीच टाकू नका. शनिवारच्या तासासाठी नावं मात्र इथेच द्या.