मदत हवी आहे: म्हशीच्या सडांवर फोड, आता धार काढणाऱ्याच्या बोटांवर पण. लम्पी आहे का?

बालाघाट_गोठा (अहमदपूर)
लवकर सांगा. दोन म्हशींच्या सडांवर फोड येऊन खपल्या धरल्यात. धार काढणाऱ्या पोराच्या बोटांवर आता तसेच उठलेत. लम्पीच ना? सकाळी डेअरीला दूध घालायचं का नाही?

पशुवैद्य_परभणी
लम्पी माणसाला होत नाही, ते आधी मनातून काढा. तो शेळी-मेंढीच्या देवीच्या गटातला विषाणू, गाईला जास्त आणि म्हशीला कमी होणारा. तुमचं वर्णन म्हशीच्या देवीचं वाटतं, ती मात्र माणसाला लागते. 2009 साली सोलापूर-कोल्हापूरकडं जनावरांत आणि माणसांत दोन्हीकडं आढळली होती. फोड फक्त कासेवर की अंगभर? लाळ गळते का, खुरात जखम? पोराला ताप? शेळ्या आहेत का?

रतीब_लातूर
हळद आणि खोबरेल लावा, आठ दिवसांत खपल्या गळतात. तुरटीच्या पाण्यानं धुवायचं.

पशुवैद्य_परभणी
तुरटीनं सड कोरडा पडून चिरतो, आणि विषाणू शिरतो तो चिरेतूनच. हळदीला विरोध नाही. पण एकाच वाटीतलं तेल त्याच बोटांनी दुसऱ्या म्हशीला लावलं की रोग तुम्हीच पोचवता.

रतीब_लातूर
मग औषध तरी सांगा की.

पशुवैद्य_परभणी
विषाणूवर गोठ्यात देण्यासारखं औषध नाही. पोटॅशियम परमँगनेट फिकट गुलाबी होईल इतकंच पाण्यात टाकून सड धुवा, स्वच्छ कापडानं टिपा, पोव्हिडोन आयोडीन लावा. चिरा असतील तर वर ग्लिसरीन. दर म्हशीला वेगळं कापड. निरोग्या म्हशींची धार आधी, आजारी शेवटी. दगडी (कासेची सूज) झाली का बघा, दूध गाठीचं आलं तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

कुक्कुट_नांदेड
कोंबड्यांना देवीची लस 6 ते 8 आठवड्यांत पंखाच्या पडद्यात टोचतात. काळजी घ्या.

त्वचा_संभाजीनगर
कोंबड्यांची देवी माणसाला होत नाही, ती लस इथं कामाची नाही. पोराबद्दल: फोड फोडू नका, कापू नका. स्टेरॉइडचं मलम अजिबात नको, त्यानं जखम पसरते. कोरडी पट्टी बांधा, डोळ्याला हात लावू देऊ नका, टॉवेल वेगळा. त्याला जुना इसब आहे का? घरात गरोदर बाई किंवा तान्हं मूल? मग लगेच दाखवा.

जुना_वळू
ज्यांच्या दंडावर देवी टोचल्याची खूण आहे, अशा म्हाताऱ्यांना धार काढू द्या. त्यांना होत नाही.

त्वचा_संभाजीनगर
अर्धं खरं आहे. म्हशीच्या देवीचा विषाणू हा माणसाच्या देवीच्या लशीतल्या विषाणूचाच एक प्रकार, म्हणून ती लस उपयोगी पडत होती. पण 1980 साली देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं, त्याआधीच आपल्याकडं टोचणं थांबत आलं होतं. इतक्या वर्षांत संरक्षण उतरतं. आजोबांनाही हातमोजे द्या.

बालाघाट_गोठा (अहमदपूर)
फोड सडावर-कासेवरच. लाळ नाही, खुरं नीट. इसब नाही, घरात गरोदर कुणी नाही. पोराला ताप आहे, काखेत गाठ दुखते. शेळ्या दोन आहेत, करडाच्या ओठाला खपल्या आहेत, पण त्या आधीपासनं. त्याचा काय संबंध? दुधाचं सांगा!

पशुवैद्य_परभणी
संबंध मोठा आहे. करडाला मावा दिसतो, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या ओठांवर खपल्या आणणारा विषाणूचा रोग. तोही याच घराण्यातला, वेगळ्या गटाचा, आणि तोही हाताला लागतो. ताप आणि काखेतली गाठ म्हशीच्या देवीकडं बोट दाखवतात, माव्यात हातावर बहुधा एकच गाठ येऊन काही आठवड्यांत आपोआप बसते. पण डोळ्यानं खात्री होत नाही. म्हशीची एक, करडाची एक, अशा खपल्या दोन वेगवेगळ्या कोरड्या निर्जंतुक बाटल्यांत, बर्फावर, तुमच्या पशुवैद्यामार्फत पाठवा. गळालेल्या खपल्या जाळा, मातीत पडल्या तर विषाणू महिनोन्‌महिने जिवंत राहतो.

दूध: आजारी म्हशींचं डेअरीत नको. घरी उकळून वापरा, उकळल्यावर विषाणू मरतो. प्रतिजैविक टोचलं तर डॉक्टर सांगतील तितके दिवस तेही नको. निरोग्या म्हशींचं चालेल, पण चरवी वेगळी.

बालाघाट_गोठा (अहमदपूर)
रेडकू सोडू का पाजायला?

पशुवैद्य_परभणी
नको. तोंडाला फोड येतील आणि तेच तोंड दुसऱ्या सडाला लागेल. दूध काढून, उकळून, कोमट करून पाजा. 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकाला आत्ताच फोन लावा.