प्यूज स्कोअर २, तरी बाळ ढासळतं: कुठे चुकतंय?

प्रश्न (बालरोग वॉर्ड इनचार्ज): आमच्याकडे ब्रायटन प्यूज आहे (मुलाची तब्येत बिघडतेय हे वेळीच ओळखायचा स्कोअर; गुण जास्त तर धोका जास्त): वागणूक, रक्ताभिसरण, श्वसन, प्रत्येकी ० ते ३ गुण. तापाच्या प्रत्येक मुलाचा स्कोअर चढतो. उलट ब्रॉन्कायोलायटिसची (फुप्फुसांतल्या बारीक श्वासनळ्यांचा संसर्ग) तान्ही बाळं स्कोअर २ असताना ढासळतात. काय बदलावं?

उत्तर १: आधी श्वास कसा मोजला जातो ते पाहा. बाळ शांत असताना, हात लावण्याआधी, पूर्ण एक मिनिट. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की एका श्वासाची चूक चार होते, आणि तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो.

दुसरं, ब्रायटनमध्ये सॅच्युरेशनला (रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीला) गुणच नाहीत. गुण बाहेरून दिलेल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाला आहेत, मिनिटाला ३ लिटरला १, ६ ला २, ८ ला ३. प्राँग्जवर (नाकातल्या नळीने) तान्ह्या बाळाला साधारण २ लिटरपर्यंतच देतात, म्हणजे लिटरच्या निकषात ते बसतच नाही! आणि श्वासाचा दर ७० वरून ४० वर आला, पण छाती तशीच आत ओढली जातेय, बाळ मलूल आहे, तर ते बरं होत नाहीये, थकलंय. चार्टवर मात्र तो आकडा नॉर्मल दिसतो. अशा वेळी स्कोअर न बघता डॉक्टरांना बोलवा.

उत्तर २: तापाचं: एका अंश सेल्सियसला नाडी साधारण १० ने वाढते. पण तेवढ्यासाठी गुण वजा करू नका. पॅरासिटामॉल देऊन तासाभरात पुन्हा मोजा. पण छातीच्या हाडावर ५ सेकंद दाबून सोडल्यावर रंग परतायला ३ सेकंद किंवा जास्त लागत असतील, तर तासभर थांबायचं नाही. बीपीची वाट तर बघूच नका, मुलांमध्ये ते फार उशिरा पडतं.

उत्तर ३: स्कोअरनंतर कोण येणार, हे ठरलंय का? माझ्या मते एकूण ४, किंवा एकाच रकान्यात ३, म्हणजे १५ मिनिटांत डॉक्टर खाटेपाशी; नाही आले तर पुढचा फोन कोणाला, तेही चार्टवरच छापा. २०१८ च्या इपॉक चाचणीत (७ देश, २१ रुग्णालयं; ब्रायटन नव्हे, बेडसाइड प्यूज हा वेगळा स्कोअर) मृत्यू लक्षणीय घटले नाहीत, पण उशिरा आयसीयूत जाणं कमी झालं.

इंग्लंडच्या २०२३ च्या राष्ट्रीय प्यूज चार्टमध्ये पालकांच्या काळजीसाठी वेगळी जागा आहे. तुमच्या चार्टवरही ती हवीच. "आज हा वेगळाच वाटतोय" असं आई म्हणाली, तर स्कोअर शून्य असला तरी डॉक्टरांना कळवायचं.

इनचार्ज: झोपलेल्या मुलाला वागणुकीत १ गुण देतो. रात्री उठवायचं का?

उत्तर १: श्वास मोजून झाल्यावर हलकेच चाळवा. कुरकुरून पुन्हा झोपलं तर १. चाळवूनही नीट प्रतिसाद नसेल तर ती गुंगी: ३ धरा आणि लगेच फोन.